सिंहाची कवळी

सोमवारी संग्रहालयाला सुट्टी असते. दारावर पाटी लटकते, दिवे बंद असतात, आणि कुणी टक लावून बघायला नसल्यामुळे पुतळेसुद्धा जरा सैलावल्यासारखे वाटतात.

अशाच एका सोमवारी ती शिल्पांच्या दालनात मधोमध उभी होती, डोळ्यांवर घट्ट रुमाल बांधून.

वेड लागलं नव्हतं तिला. ती संग्रहालयाची नवी डिझायनर होती. हे जुनं, उंच छताचं, दबक्या आवाजाचं संग्रहालय असं करायचं, की बाबागाडीतलं बाळ, काठी टेकत येणारे आजोबा, डोळ्यांनी दिसत नाही असं माणूस, आणि 'हे काही आपल्यासाठी नाही' म्हणून बाहेरूनच परत जाणारं माणूस, सगळ्यांना ते आपलं वाटावं. तोंडाने सांगायला किती सोपं! संचालकबाईंनी तिला एकच दालन दिलं होतं आणि स्पष्ट बजावलं होतं, "एवढं करून दाखवा. लोक आले, रमले, तर बाकीची दालनं तुमची. नाही तर काचेची कपाटं परत जागेवर." त्या एका दालनात तिला वस्तूंना हात लावू द्यायचा होता. संग्रहालयात! ऐकणाऱ्यांच्या भुवया अजून खाली आल्या नव्हत्या.

तर ती चाचपडत निघाली. डावीकडे खांब... गार. मग कठडा... त्याहून गार. मग हाताला कापड लागलं. कुणीतरी धूळ बसू नये म्हणून मूर्तीवर टाकलं असेल, तिला वाटलं. कापडाच्या वर खांदा, खांद्यावर मान, मग हनुवटी... गाल... आणि नाक. सरळ, जरासं लांब. जुन्या मूर्तींची नाकं सहसा फुटलेली असतात, म्हणून ती खूश होऊन पुटपुटली, "वा! शेंडा शाबूत आहे."

"थँक्यू," मूर्ती म्हणाली.

तिची किंकाळी छतापर्यंत जाऊन परत आली. रुमाल काढून बघते तो समोर एक तरुण उभा. हातात छोटी डबी, कान लालबुंद.

"तुम्ही... तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोलणार होतो. पण तुम्ही हनुवटीपाशी पोचलात आणि माझी दातखीळच बसली." तो आणखी लाल झाला. "त्यात माझा धंदा दातांचा, म्हणजे हे जरा जास्तच लाजिरवाणं."

"डॉक्टर आहात?"

"छे. डॉक्टर माप घेतात, कवळ्या मी बनवतो. समोरच्या गल्लीत, चष्म्याच्या दुकानावर. मामांची कवळी द्यायला आलो होतो."

मामा म्हणजे दारावरचे रखवालदार. सारा जन्म त्यांनी "हात लावू नका!" ओरडण्यात घालवला होता. दात गेल्यापासून मात्र त्या ओरडण्यातून नुसती हवाच जायची, आणि पोरंटोरं त्यांना जुमानेनाशी झाली होती. आरडाओरडा ऐकून ते धावत आले, तरुणाच्या हातातली डबी उघडून कवळी तोंडात बसवली, दोनदा जबडा हलवला आणि छाती भरून गरजले, "हात लावू नका!"

दालन दणाणलं.

"बसली," दातवाला समाधानाने म्हणाला.

ती हसली. हसताना तिचा हात सवयीने तोंडावर गेला. पुढच्या दोन दातांमध्ये तिच्या चांगली ठसठशीत फट होती. त्या फटीवरून शाळेत तिला काय काय चिडवलं गेलं होतं ते सांगत बसत नाही. तेव्हापासून ती हसायची ती हाताआडूनच.

"पण डोळे का बांधले होते?" त्याने विचारलं.

"दिसत नाही अशा माणसाला इथे कसं वाटेल, ते बघत होते."

"माझ्या आईला दिसत नाही," तो म्हणाला.

तिला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण तो घाईघाईने म्हणाला, "अहो, तसं नाही... तिला हे सांगितलं ना, तर पोट धरून हसेल. आणू का तिला? मत विचारा तिचं. फक्त एक आहे. ती मत देते तेव्हा पुढचा-मागचा विचार करत नाही."

आई आली ती त्याच आठवड्यात. चित्रकलेच्या बाई होत्या त्या. दृष्टी हळूहळू विझत गेली होती, जीभ मात्र होती तशीच. मुलाच्या कोपराला धरून त्या आत आल्या, टाचेने फरशी वाजवून बघितली आणि म्हणाल्या, "अजून घुमतंय. इथे दहा मुलं बोलली की बाजार वाटायचा. आणि पोरी, बसायला कुठे आहे?"

"बसायला... अजून नाही."

"आधी बसायला दे. मग संस्कृती दाखव."

मामांनी स्वतःची खुर्ची आणून दिली. बाईंना ते ओळखत होते. वर्षानुवर्षं त्या वर्ग घेऊन येत आणि दगडी सिंहाच्या मुखासमोर मुलांना चित्रं काढायला बसवत. "तुमच्या वर्गावर मी फार ओरडलोय, बाई," मामा म्हणाले. "ओरडायला हवंच होतं," बाई म्हणाल्या, "माझी मुलं होतीच तशी."

रुमालाची गोष्ट ऐकून त्या खरंच पोट धरून हसल्या. मग हसू ओसरल्यावर सौम्यपणे म्हणाल्या, "डोळे बांधून न दिसणं कळत नाही गं. नुसता अंधार कळतो, आणि घाबरायला होतं. मी काही दिवसभर घाबरून नसते. मला विचारत जा ना, मी आहे की."

तिला एकदम भरून आलं. इतक्या कार्यशाळा केल्या, इतके नकाशे काढले, पण 'मला विचार, मी आहे' असं कुणी म्हणालं नव्हतं.

मग तिने धीर करून एका कंपनीकडून मागवलेली त्याच सिंहाची प्रतिकृती बाईंच्या मांडीवर ठेवली. खरा सिंह फार जुना. त्याला रोज शेकडो हात लागू देणं शक्य नव्हतं, म्हणून हा त्याचा जुळा. बाईंनी त्यावर टिचकी मारली. टक् असा पोकळ आवाज आला.

"हा सिंह नाही. हा डबा आहे."

ती हिरमुसली. दातवाल्याने प्रतिकृती उचलली, उलटी करून आत बघितलं, जरा घुटमळला आणि म्हणाला, "मी... करून बघू?"

"सिंह?"

"तोंडापासून सुरुवात करतो. बाकीचं सवयीने येईल."

खरं सांगायचं तर त्यात वेडेपणा काही नव्हता. कवळीसाठी तोंडाचा साचा घ्यायचा तर हिरडीला ओरखडा उठता कामा नये, आणि बारीक सुरकुतीसुद्धा सुटता कामा नये. संग्रहालयात वस्तूंची निगा राखणाऱ्या बाईंनी त्याचं सामान दोनदा तपासलं, समोर उभं राहून साचा घेऊ दिला, आणि सिंहाला काही झालं नाही हे बघून त्याला चहासुद्धा पाजला.

मग त्याचं येणं वाढलं. निमित्त मामांच्या कवळीचं. कधी ती टोचायची, कधी सैल व्हायची, कधी मामांना काही होत नसतानाही दातवाला म्हणायचा, "जरा घासून देतो." शेवटी एकदा मामाच वैतागले. "अरे बाबा, घासून घासून हिचा कागद होईल. सरळ टेपताईंना भेटायला आलोय म्हण ना!"

टेपताई म्हणजे ती. तिच्या गळ्यात सदानकदा मोजायची टेप लटकलेली असे.

"मी सिंहाच्या कामासाठी येतो," तो म्हणाला.

"हो का?" ती म्हणाली. "सिंह तर तुमच्याकडे आहे."

"...म्हणूनच. त्याची खुशाली कळवायला येतो."

"कशी आहे तब्येत?"

"शांत असतो. तुमची आठवण काढतो."

"सिंह काढतो?"

तो मान खाली घालून मामांची कवळी पुसत राहिला. बाहेर पावसाची भुरभुर चालली होती, उंच खिडक्यांच्या काचांवरून थेंब ओघळत होते, आणि तिला उगाच वाटत होतं, हा पाऊस थांबू नये, याच्याकडे छत्री नाही.

ती हसायची, हात तोंडावर जायचा. तो बघायचा आणि चटकन नजर वळवायचा. ते वळवणं तिला सलायचं. दिवसभर दात बघणारा माणूस हा! याला आपल्या फटीखेरीज दुसरं काय दिसत असणार?

एकदा बाकांच्या उंचीचं माप घेताना त्याने विचारलं, "हे काम तुम्ही का निवडलंत?"

तिने टेप गुंडाळत सांगितलं. ती लहान असताना बाबा तिला एका संग्रहालयात घेऊन गेले होते. दोघं दारापर्यंत गेले. आत चकचकीत फरशी, बाहेर बाबांचे धुळीने माखलेले बूट. कुणी 'जा' म्हणालं नाही. पण 'या' म्हणायलाही कुणी नव्हतं. बाबा म्हणाले, 'पुढच्या वेळी जाऊ हं.' ती पुढची वेळ काही आली नाही.

"मला ते दार बनवायचंय," ती म्हणाली, "जिथून बाबा आत गेले असते."

तो टेपचं दुसरं टोक इतकं हळुवार धरून उभा राहिला, की तिला आणखी सांगावंसं वाटलं.

हळूहळू दालन आकाराला आलं. फरशीवर आवाज गिळणारे गालिचे आले, पाठ टेकता येईल असे बाक आले, चाकाच्या खुर्चीवरून वाचता येतील एवढ्या खाली पाट्या आल्या. गर्दीने जीव घाबरला तर टेकायला एक शांत कोपरा झाला. दारापाशी तिने स्वतःच्या हाताने पाटी लावली, 'कृपया हात लावा'. ती बघून मामांना दोन दिवस जेवण गेलं नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सिंह आला. संचालकबाई मुद्दाम बघायला आल्या होत्या. दातवाल्याने आईला खुर्चीत बसवलं, काही न सांगता सिंहावरचं कापड काढलं आणि तिचे हात त्यावर ठेवले.

दगडाची भुकटी घालून केलेला, वजनदार, गार, खरखरीत सिंह. बाईंची बोटं आयाळीवरून उतरली, कपाळावर थांबली, नाकावरून ओठांवर आली. चेहरा उजळत चालला होता. मग बोटं तोंडात गेली आणि अडली. पुन्हा मागे आली, पुन्हा आत गेली.

बाई खो खो हसत सुटल्या. "अरे, याला दात कुणी बसवले?"

संचालकबाई पुढे झाल्या.

"वरचा डावा सुळा तुटलेला, त्याशेजारचे दोन गायब," बाई म्हणाल्या. "किती वर्षं मुलांकडून ती फट काढून घेतली मी! आणि इथे बघा, बत्तिशी पुरी! असे दात आपल्याकडे एकच माणूस बनवतो. हो की नाही रे?"

तो मान खाली घालून उभा होता. "फट दिसली की हात राहत नाही," तो पुटपुटला. "वाटलं, आईला अख्खा सिंह द्यावा."

जित्याची खोड, दुसरं काय! पण संचालकबाईंना हसू आलं नाही. "इतका जुना सिंह, आणि आम्ही त्याला कवळी लावून लोकांच्या हातात देतोय? हा खोटा इतिहास झाला. उद्या हा इथे दिसता कामा नये. आणि सिंहच नसेल, तर हात लावायला उरतं काय? उद्घाटन पुढे ढकला. दालनाचं काय करायचं ते मग बघू."

म्हणजे काचेची कपाटं. तिला सगळं कळलं.

तो काही बोलायला गेला. तिने हात वर करून त्याला थांबवलं, आणि तो सिंहाला तिथेच ठेवून निघून गेला. बाई हाक मारत राहिल्या.

तासाभराने ती चष्म्याच्या दुकानावरचा जिना चढली. भांडायला. त्याच्या छोट्याशा कार्यशाळेत फळ्यांवर दातच दात मांडलेले, आणि त्यांच्यामध्ये तो असा बसलेला, की जणू त्या सगळ्या जबड्यांनी मिळून त्याला फैलावर घेतलंय.

"एक तुटका दात," ती म्हणाली, "एक तुटका दात तुम्हाला बघवला नाही?"

"चुकलो मी."

"फट दिसली की बुजवायची! जे मोडकं आहे ते झाकायचं! मग माझ्या दातांमधली फटही बुजवावीशी वाटत असेल ना? म्हणूनच नजर वळवता ना दर वेळी?"

तो ताडकन उठला. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं... पुन्हा दातखीळ! तिने रागाने पाठ फिरवली, आणि तिची नजर खिडकीतल्या फळीवर गेली.

तिथे सिंह होता. दुसरा. ओबडधोबड, रंग न दिलेला, आणि त्याचा वरचा डावा सुळा तुटलेला होता, शेजारचे दोन दात गायब.

"हा कोण?"

"हा... पहिला. साच्यातून निघतो तो." आता त्याला शब्द फुटले, कारण प्रश्न कामाचा होता. "कवळी करताना आधी तोंड आहे तसं ओततो. फटींसकट. त्यात फरक करत नाही कधी. मग त्यावर दात बसवायचे."

"म्हणजे हा खरा आहे. तंतोतंत."

"तंतोतंत."

ती फळीपाशी गेली. तुटक्या सुळ्यावरून बोट फिरवलं. कडा अजून तीक्ष्ण वाटत होती. तिचा राग कुठल्या कुठे गेला आणि डोक्यात काहीतरी लखलखलं.

"याला कवळी बनवता येईल? म्हणजे... काढता-घालता येणारी?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. मग हळूच हसला. "माणसांना रोज बनवतो. सिंहाला का नाही?"

"उद्घाटन ठरल्या वेळी होणार," ती जिना उतरता उतरता ओरडली, "दात घेऊन या!"

संचालकबाईंनी दुसऱ्या दिवशी सकाळी तो तुटक्या सुळ्याचा सिंह उलटसुलट करून पाहिला, कवळी बसवली, काढली, पुन्हा बसवली. तिसऱ्यांदा बसवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते हसूच होतं, त्या नाकारत असल्या तरी. "पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहा," त्या म्हणाल्या. "सिंह आहे तसा. दात आत्ताचे, अंदाजाने."

आणि लोक आले. कसे आले, कुठून आले, तिला कळेना. मुलं सिंहाची कवळी काढायची, 'बघ, म्हातारा झाला' म्हणायची, परत घालायची, 'आता तरुण!' एक आजोबा स्वतःची कवळी चाचपत सिंहाशी बराच वेळ काहीतरी बोलत होते. एक बाई बाळाला घेऊन शांत कोपऱ्यात बसल्या आणि बाळाबरोबर त्याही झोपून गेल्या, त्यांना कुणी उठवलं नाही. दुपारी दारात एक माणूस मुलीचा हात धरून घुटमळला, स्वतःच्या बुटांकडे बघत. ती दाराकडे निघाली. पण मामा पुढे झाले आणि त्या भक्कम नव्या दातांनी म्हणाले, "या, या. आत या. असेच या."

तिने चटकन डोळे पुसले.

चित्रकलेच्या बाई सिंहासमोर पाठ टेकायच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी कवळी काढून बाजूला ठेवली होती आणि बोट त्या जुन्या फटीत ठेवलं होतं. ती शेजारी बसली.

"मला वाटलं होतं, याची-माझी भेट संपली," बाई म्हणाल्या. "आधी दुरून धूसर दिसायचा, मग तेही बंद झालं. इतकी वर्षं समोर बसले, पण हात कधी लावला नव्हता गं याला. आज लावला. तू लावू दिलास." त्यांनी चाचपून तिचा हात घेतला आणि स्वतःच्या गालाला लावला. "सुखी राहा."

तिला वाटलं, आभार कुणाचे मानायचे? या बाईंचे, मामांच्या खुर्चीचे, संचालकबाईंच्या न दिसणाऱ्या हसण्याचे, की त्या दारातून परत फिरलेल्या बाबांचे, ज्यांच्यामुळे ती इथवर आली? सगळ्यांचेच. मन इतकं काठोकाठ भरलं होतं, की बोललं असतं तर सांडलं असतं.

बंद व्हायची घंटा वाजली. संचालकबाई जाता जाता म्हणाल्या, "पुढच्या दालनाची मापं कधी घेताय?" आणि उत्तराची वाट न बघता निघूनही गेल्या.

दालन रिकामं झालं. बाई पुढे गेल्या, मामांच्या आधाराने, मुद्दाम सावकाश. सिंहापाशी तो उभा होता, कवळी पुसत.

"थँक्यू," ती म्हणाली. "तू नसतास तर..."

'तू' कधी आलं ते दोघांनाही कळलं नाही. तो मात्र दचकला आणि कवळी सिंहाच्या तोंडात तिरकी बसली.

"काल तू काहीतरी विचारलं होतंस," तो म्हणाला. "मी बोललो नाही."

"दातखीळ."

"हो. पण आता बोलतो, नाही तर परत बसेल. ती फट..." त्याने तिरकी कवळी सरळ केली. "मी आयुष्यभर फटी बुजवल्यात. जगात एकच अशी आहे, जिला हात लावायचा नाही. ती तशीच हवी मला. तू हसलीस की दिसते... मग मला दुसरं काही सुचत नाही, म्हणून नजर वळवतो. तू हात आड धरतेस ना, तेव्हा वाटतं, संग्रहालय उघडता उघडता बंद झालं. माझं प्रेम आहे तुझ्यावर. रुमालाच्या दिवसापासून. नाकापर्यंत पोचलीस ना, तेव्हाच."

ती हसली. इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं, आणि सवयीने तिचा हात तोंडाकडे निघाला. त्याने तो वाटेतच धरला.

"हात लावू न..." दारातून मामांची गर्जना घुमली.

मग गर्जना अडखळली. मामांनी पाटीकडे पाहिलं, त्या दोघांकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं.

"लावा, लावा," मामा म्हणाले, आणि दार हळूच लोटून घेतलं.